डोक्यावरची रेघ

४ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

दचकू नकोस, सगळं ठीक आहे. ताईचं पत्र आलं म्हणजे नक्की कुणीतरी गेलं, असं तुला वाटणार, म्हणून आधीच सांगून टाकते. कुणीही गेलेलं नाही. निवृत्त होऊन सात महिने झाले. वर्तमानपत्र साडेआठला वाचून संपतं आणि मग दिवस नुसता समोर येऊन बसतो. म्हटलं, मी वसतिगृहात होते तेव्हा आपण दोघी बहिणी एकमेकींना लिहायचो, तसं परत सुरू करू.

एकच अट आहे. पत्र स्वतःच्या हाताने लिहायचं. चिरंजीवांच्या कॉम्प्युटरवर नाही, आणि दुकानातून नवऱ्याला हाक मारून त्याच्याकडून तर मुळीच नाही. घड्याळजींनी घड्याळं दुरुस्त करावीत. शाईचं पेन, बिनरेघी कागद, दर आठवड्याला निदान एक पान. फोन नको. फोनवर तू मला बोलूच देत नाहीस.

आता थोडे प्रश्न, उगाच आपले. जिना उतरताना कठड्याला धरतेस का? सुईत दोरा पहिल्या झटक्यात जातो का? कप नेताना चहा बशीत सांडतो का? हसू नकोस, उत्तर दे.

तुझी,
ताई


१२ ऑगस्ट

ताई,

अगं बाई! तुझं अक्षर बघितलं आणि पोस्टमनसमोरच मटकन बसले. हे दुकानातून डोळ्याला भिंग लावलेलेच धावत आले. त्यांना वाटलं तूच गेलीस आणि मागे पत्र ठेवून गेलीस. तुझं पहिलं वाक्य वाचायला मला पाच मिनिटं लागली. पुढच्या वेळी ते वाक्य पाकिटावर लिहीत जा.

चौतीस वर्षं पहिलीच्या वर्गात मुलांचे हात धरून अक्षरं गिरवून घेतली, आणि मला सांगतेस हाताने लिही? मी काय पायाने लिहिणार होते?

प्रश्नांची उत्तरं. जिना: कठड्याला धरते, कारण तो त्यासाठीच असतो. सुई: दोरा पहिल्या झटक्यात कधीच गेला नाही, विसाव्या वर्षीही नाही. चहा: सांडतो, कारण मी कप काठोकाठ भरते आणि तू नाही, म्हणून तू कंजूष. मार्क किती मिळाले?

तुझ्या पत्राला मात्र मी दहापैकी सहा देते. शिरोरेघेकडे बघ जरा. शब्द लिहून झाला की तू एका फटक्यात डोक्यावरची रेघ ओढायचीस, सुतारानं रंधा मारल्यासारखी. मी मुलांना तुझी पत्रं दाखवायचे. आणि आता? प्रत्येक अक्षरावर वेगळा तुकडा. स्वतःबरोबर अक्षरालाही निवृत्त केलंस वाटतं.

बाकी आनंद आहे. सूनबाईंना सातवा लागला. चिरंजीव आतापासूनच पाळणा आणू या म्हणतो. लिफ्ट बसवणारा माणूस, पाळण्यालाही मोटर लावेल.

तुझी,
भिंगरी


२१ ऑगस्ट

प्रिय भिंगरी,

तुझं पत्र भिंगाखाली धरून वाचलं. म्हणजे, चष्म्याचा नंबर वाढलाय. तुझा 'ळ' अजून तसाच आहे, दोन्ही गाठी एकसारख्या. काय बरं वाटलं म्हणून सांगू! तू लिहिलेलं काय ते मी नंतर वाचलं.

माझ्या रेघेचं एवढं मनावर घेऊ नकोस. टेबल डगमगतं.

आता एक गंमत. पुढच्या पत्रात कोपऱ्यात मला गोगलगाय काढून पाठव. म्हणजे तिचा शंख: मधून सुरुवात करायची, गोल गोल बाहेर यायचं, पेन उचलायचं नाही. दर पत्रात एक. कशाला म्हणून विचारू नकोस. म्हातारीचा हट्ट समज.

आमच्या संशोधन संस्थेचे नवे संचालक परवा घरी आले होते. चहा घेतला, माझ्या बागेचं कौतुक केलं, मग हळूच विचारलं की माझ्याकडे जुनी कागदपत्रं काही आहेत का. मी नाही म्हटलं. कपाटातली सगळ्यात मोठी नोंदवही त्यांच्या पाठीमागेच होती. मी खोटं बोलले, भिंगरे, आणि बोलताना मला काहीच वाटलं नाही.

उन्हात फार फिरू नकोस. पायात नीट बसणारी चप्पल घाल.

ताई


२ सप्टेंबर

ताई,

ही घे गोगलगाय. शिंगं आणि डोळे मी माझ्या पदरचे घातलेत. आता तू तुझी पाठव. चित्रकलेत मी तुझ्यापेक्षा बरी होते हे आपल्या दोघींना माहीत आहे, तेव्हा लाजू नकोस.

मी आणि हे रात्री जेवताना तुझ्याबद्दल बोललो. (घाबरू नकोस, निंदा नव्हती.) आमचं मत असं पडलं की तुला एकटं वाटतंय आणि तू ते कबूल करायची नाहीस. आयुष्यभर प्रयोगशाळेत राहिलीस, लग्न नाही, मुलंबाळं नाहीत, आणि आता उठून जायला जागा नाही. म्हणून माझी चप्पल आणि माझा चहा यांत जीव अडकवून बसलीस. सरळ इकडे राहायला का येत नाहीस? वरची खोली रिकामी आहे. चिरंजीव तुझ्यामुळे जन्माला आला हे या घरात कुणी विसरलेलं नाही. ती इंजेक्शनं तू आणली नसतीस तर मी आज कुणाची आजी होणार होते?

आणि एक. रविवारी तुझी अट मोडून फोन केला, त्याचा राग आला का? दोन वाक्यं बोलून ठेवून दिलास. जीभ जड वाटत होती. दाढ काढली म्हणालीस. कुठली दाढ? कधी? मला कुणी काही सांगतच नाही.

भिंगरी


१० सप्टेंबर

भिंगरे,

गोगलगाय मिळाली. फार सुरेख. मी तिच्यावर पेन्सिलीने मोजमाप केलं, राग मानू नकोस.

दाढ खालची, डावीकडची. बरं आहे आता.

माझी गोगलगाय पुढच्या वेळी. तिकडे राहायला यायचं म्हणतेस, बघू. इथलं थोडं काम संपवायचं आहे. इंजेक्शनांचं काढू नकोस. त्याबद्दल कुणी आभार मानले की मला नकोसं होतं.

तू लिहीत राहा. आठवडा चुकवू नकोस.

ताई


१९ सप्टेंबर

आदरणीय ताई,

हिने सांगितलं म्हणून मी लिहितो आहे. काळजीचं कारण नाही. मंगळवारी सकाळी न्हाणीघरात तिचा पाय गेला आणि ती उजव्या हातावर पडली. मनगटाचं हाड मोडलं. प्लॅस्टर घातलं आहे, सहा आठवडे ठेवावं लागेल. ती मजेत आहे, म्हणजे मला ओरडण्याइतकी मजेत आहे.

ती म्हणते, गोगलगाय या वेळी मिळणार नाही, आणि मी काढलेली तुम्हाला चालणार नाही. मला यातलं काही समजलं नाही. तुम्हाला समजेल असं ती म्हणाली.

आपला,
घड्याळजी


२३ सप्टेंबर

भिंगरे,

हे पत्र एकटीने वाच. दार लावून घे. घड्याळजींना दाखवायचं की नाही ते नंतर तू ठरव.

कशी पडलीस? मला मिनिटामिनिटाचं सांग. पाय घसरला की पाय वळलाच नाही? आधी तोल गेला का? पडायच्या आधीच्या आठवड्यात कधी भिंतीला हात लावावासा वाटला का? मला खरं सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

आता मी सांगते. सत्तावीस वर्षं सांगितलं नाही ते सांगते.

तुझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती आणि तू आमच्या घरी येऊन स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून रडायचीस. मी तेव्हा आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुखांच्या, सरांच्या, हाताखाली होते. आधी पाच वर्षं वाढीच्या हॉर्मोनवर काम केलं. जी मुलं वाढतच नाहीत त्यांच्यासाठी ते औषध. मग सरांनी मला माझं स्वतःचं काम दिलं: बायकांच्या अंगात स्त्रीबीज पिकवणारं हॉर्मोन वेगळं काढायचं. दोन्ही एकाच जागेतून निघतात. मेंदूच्या बुडाशी वाटाण्याएवढी ग्रंथी असते, तिच्यातून. तुला मी म्हटलं होतं की औषध कारखान्यातून येतं. कारखाना आम्हीच होतो, आणि ग्रंथी मेलेल्या माणसांच्या होत्या. शवागारांतून जाड काचेच्या बरण्यांत, ॲसिटोनमध्ये बुडवून यायच्या. एका वेळी हजार ग्रंथी वाटायच्या, धुवायच्या, गाळायच्या. एका वेळच्या मालाला आम्ही घाणा म्हणायचो, कढईतल्यासारखा. नऊ वर्षांत अकरा घाणे काढले. त्यावर माझं नाव झालं, मानपत्रं मिळाली, त्या शाली तुझ्याच कपाटात आहेत.

मार्चमध्ये एका परदेशी मासिकात वाचलं. तिकडे असंच औषध घेतलेल्या चार बायका वारल्या. हजार मेलेल्यांत एखाद्याला मेंदूचा एक दुर्मीळ रोग असतो. त्याची एक ग्रंथी सगळा घाणा नासवते. धुऊन जात नाही, उकळून मरत नाही. अंगात गेला की पंधरा वर्षं, वीस वर्षं, तीस वर्षं गप्प बसतो. मग तोल जातो. मग हात, मग बोलणं. मग वर्षभरही नाही. आधी कळायला तपासणी नाही, नंतर द्यायला औषध नाही.

नोंदवहीत त्रेसष्ट बायका आहेत. तू त्यांत नाहीस. तुझ्या डॉक्टरांनी अजून थांबा म्हटलं होतं आणि मला तुझं रडणं बघवत नव्हतं, म्हणून मी सातव्या घाण्यातल्या कुप्या थर्मासमध्ये घालून घरी आणल्या. मी चोरी केली आणि मला त्याचा अभिमान वाटत होता.

निवृत्तीच्या कागदांसोबत ती वही मी घरी आणली. एप्रिलपासून एकेकीला शोधत होते. सातव्या घाण्यातल्या एकीच्या नवऱ्याने फोन उचलला. ती गेल्या वर्षी गेली. मी विचारलं, कशी? तो म्हणाला, 'आधी अक्षर गेलं बाई, मग पाय गेले. वाण्याची यादी मला वाचता येईना तेव्हा आम्ही हसलो होतो.'

म्हणून मी तुला पत्रं लिहायला लावली. तू चपलेबद्दल लिहायचीस आणि मी 'ळ'च्या गाठी मोजत बसायचे. आणि आता तू पडलीस.

मला फार भीती वाटते आहे. उत्तर दे.

ताई


१ ऑक्टोबर

आठ दिवस झाले. पत्र मिळालं का? तीनदा फोन केला तर घड्याळजी म्हणतात ती झोपली आहे. तिन्ही वेळा कशी झोपली असेल? शिव्या दे, पण कळव.

ताई


९ ऑक्टोबर

ताई

डाव्या हाताने लिहिते आहे. हे मला यांच्याकडून लिहून घेता येत नाही. एका ओळीला पाच मिनिटं लागतात. म्हणून थोडक्यात.

साबणाच्या पाण्यावर पडले. तोल नाही, रोग नाही, साबण. मीच सांडला होता.

तुझं पत्र वाचलं आणि ओकले. नंतर तीन दिवस तुझ्याशी मनात भांडले. मेलेल्या माणसांचं काहीतरी माझ्या अंगात टोचलंस आणि मला कारखाना सांगितलास. मी विचारलं होतं गं तुला. दोनदा विचारलं होतं. आणि राग धरायला जावं तर चिरंजीव समोर येऊन उभा राहतो. 'आई, पाळणा कुठला घेऊ?' मग राग धरताही येत नाही आणि सोडताही येत नाही.

डॉक्टरांकडे गेले. सगळं सांगितलं. त्यांनी नाकाला बोट लावायला सांगितलं, डोळे मिटून उभं केलं, फरशीच्या रेघेवर टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावून चालवलं. वीस पावलं. म्हणाले, 'बाई, तुम्ही माझ्यापेक्षा सरळ चालता.' तरीसुद्धा त्या दिवसापासून मी पायऱ्या मोजून उतरते. घरात चालताना माझं लक्ष माझ्याच पायांकडे असतं. हे तू मला दिलंस.

हे सांग. माझ्या पोराला होईल का? त्याच्या होणाऱ्या लेकराला? आधी हे सांग. बाकीचं भांडण उजवा हात सुटल्यावर.

भिंगरी


१७ ऑक्टोबर

भिंगरे

नाही. आईकडून मुलाला गेल्याचं एकही उदाहरण कुठे सापडलेलं नाही. मी परदेशातल्या दोघा डॉक्टरांना ईमेलने विचारलं, दोघांचंही उत्तर तेच. चिरंजीव सुरक्षित आहे. त्याचं लेकरू सुरक्षित आहे. हे वाक्य मी तुला हवं तितक्या वेळा लिहून देईन.

वीस पावलं हे वाचून मी रडले. इतके दिवस रडू येत नव्हतं.

माझ्यावर रागाव. मी माफी मागणार नाही, कारण तू मला ती देशील.

संचालक पुन्हा आले. म्हणाले, 'जुनं उकरून काय मिळणार? बायका उगाच घाबरतील. बऱ्याच जणी आता आज्या झाल्या असतील.' मी म्हटलं, दोघी झाल्या नाहीत. कारण आणखी एक गेलेली सापडली, तीसुद्धा सातव्यातलीच. ते उठून गेले. मी सगळ्यांना पत्र पाठवायचं ठरवलं आहे. चौसष्ट नावांची यादी केली. शेवटचं तुझं. मजकूर टाईप करून घेतला. सोबत पाठवते, कसा वाटतो सांग. 'आपण अमुक साली घेतलेल्या उपचारासंबंधी कळविण्यात येते की' असं सुरू होतं आणि 'घाबरण्याचे कारण नाही' असं संपतं.

सर असते तर त्यांनी सही केली असती. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. शेवटी शेवटी भिंतीला धरून चालायचे, बोलणंही कळेनासं झालं होतं. आम्ही म्हणायचो, वय झालं.

अक्षराला हसू नकोस. रेघ मारत बसायला वेळ नाही, म्हणून सोडूनच दिली. गुजराती लोक बिनरेघेचं लिहितात तसं.

ताई


३० ऑक्टोबर

ताई,

कालच प्लॅस्टर निघालं. मनगट काडीसारखं झालंय, पण लिहिता येतं. मागच्या पत्रात भांडण बाकी ठेवलं होतं. ते करायला बसले आणि झालं भलतंच.

तुझं पत्र वाचलं. मग पुन्हा वाचलं. मग उठून ऑगस्टपासूनची सगळी पत्रं आणली आणि पलंगावर तारखेने मांडली, एकाखाली एक. आम्ही वर्षाअखेर मुलांच्या वह्या अशाच मांडतो, कुणाचं अक्षर कुठून कुठे गेलं ते बघायला. चौतीस वर्षं तेच केलं. तू भिंग घेऊन 'ळ'च्या गाठी मोजत होतीस. मला भिंग लागत नाही.

चार ऑगस्टला तुझी शिरोरेघ तुटक आहे. एकवीसला ती थरथरते आणि तू टेबलाला दोष देतेस. दहा सप्टेंबरला ओळी उजवीकडे खाली उतरतात. तेवीसला पान भरायच्या आतच शब्द कागदाबाहेर जातात, 'भीती' मधला शेवटचा 'ती' अर्धाच आहे. मला वाटलं, ताई घाबरून घाईत लिहिते आहे. सतरा ऑक्टोबरला रेघच नाही. आता सांगतेस वेळ नाही. अगं, रेघ मारायला वेळ लागत नाही, हात स्थिर लागतो. हे मी सहा वर्षांच्या मुलांनाही सांगते.

दाढ काढली नव्हतीस ना? आणि गोगलगाय तू मला कधीच पाठवली नाहीस. मी मागितली होती.

आता मी तुला एक आठवण करून देते, कारण तू विसरलीस किंवा विसरायचं ठरवलंस. स्वयंपाकघरात मी बाही वर करून बसले होते आणि सुई बघून उठून पळाले. तू माझ्यामागे खोलीत आलीस, स्वतःची बाही वर केलीस आणि दंडावरचा लाल डाग दाखवलास. म्हणालीस, 'हे बघ वेडाबाई, आधी मी टोचून घेतलंय. आमच्याकडे रीतच आहे. जो घाणा काढतो तो पहिली कुपी स्वतः घेतो. मी घेते, सर घेतात, मगच बाहेर जाते.' ते बघून मी परत येऊन बसले. त्या एका डागावर मी विश्वास ठेवला होता.

अकरा घाणे म्हणालीस. म्हणजे मी एका घाण्याचं घेतलं, त्या त्रेसष्ट जणींनी एकेका घाण्याचं घेतलं, आणि तू अकराही घेतले. सर भिंतीला धरून चालत होते हे तू मला लिहिलंस, आणि लिहून पुढच्या ओळीवर गेलीस! ताई, तुझ्यासारख्या हुशार बाईला दोन आणि दोन मांडता आले नाहीत?

मी चुकले असेन. मला चुकायचंय. तू डॉक्टरांकडे जा आणि मला लिही की भिंगरे, तू मूर्ख आहेस. पण त्याआधी, मुकाट्याने, फरशीच्या रेघेवर टाचेला बोट लावून चालून बघ. भिंतीजवळ. पडू नकोस.

आणि यादीत पासष्टावं नाव घाल. कुणाचं ते मी सांगायला नको.

तुझा मजकूर वाचला. काय म्हणू? अक्षर छापील आहे एवढं बरं म्हणेन. तुमची ती रीत आहे ना, तशी इथेही पाळ. पहिलं पत्र स्वतःच्या पत्त्यावर टाक. बाकीची तोवर थांबव. पोस्टमन ते तुझ्या हातात देईल, तेव्हा पाकीट फोडून वाच, आणि मग मला सांग मजकूर कसा वाटतो.

मी अजून रागावलेली आहे. ते राहू दे बाजूला.

तुझी,
भिंगरी


८ नोव्हेंबर

भिंगरे

अक्षर मोठं काढते म्हणजे तुला लागेल. एका पानावर सहा ओळी बसतात.

चार पावलं. पाचव्याला भिंत.

मला माहीत होतं का, असं तू विचारशील. जुलैत सकाळी ब्रश तोंडाऐवजी गालाला लागला. मी हसले. त्याच आठवड्यात तुला पहिलं पत्र लिहायला घेतलं. तू, तू, तू एवढंच डोक्यात होतं. घाणा काढणारा यादीत नसतो असं मला खरंच वाटत होतं गं. खोटं नाही सांगत. नऊ वर्षं त्या वहीत सगळ्यांची नावं मीच लिहिली, माझं कधी लिहिलं नाही.

नाव घातलं. पासष्ट.

तू सांगितलंस तसं पत्र टाकलं. तीन दिवसांनी पोस्टमन आला. मला ठाऊक होतं आत काय आहे, शब्द न् शब्द माझा. तरी पाकीट फोडवेना. दाराशी स्टुलावर बसून वाचलं. 'कळविण्यात येते की.' कोण कळवतंय? सही कुठे आहे? भेटायचं कुणाला, विचारायचं कुणाला, मुलाला होईल का, काही म्हणजे काही लिहिलेलं नाही. कळल्यावर तू पहिल्याच पत्रात विचारलेला प्रश्न मला सुचला नव्हता. आणि शेवटी 'घाबरण्याचे कारण नाही.' ते वाचलं आणि मी इतकी घाबरले, इतकी घाबरले की ओरडून शेजारणीला बोलावलं आणि ती आली तेव्हा काय सांगावं ते कळेना. भर दुपारी दिवा लावून बसले.

चौसष्ट जणी अशाच दाराशी एकट्या बसणार होत्या. आणि ते मी लिहिलं होतं.

छापील सगळी फाडली. नवीन लिहायची आहेत, प्रत्येकीला वेगळं, तिच्या नावाने, आम्ही काय केलं ते साध्या शब्दांत, मुलांचं पहिल्या ओळीत, खाली माझा पत्ता आणि माझी सही. त्यातल्या दोघींच्या घरी नवऱ्यांना. मजकूर मी सांगेन. बोलणं अजून कळतं, सकाळी जास्त.

मला मरायची भीती वाटते. त्याहून तुझ्यासमोर बोलता येईनासं होईल त्याची वाटते. माफी मागणार नाही म्हटलं होतं, ते मागे घेते.

ये. पहिलीच्या मुलांनासुद्धा वाचता येईल अशा अक्षरात चौसष्ट पत्रं लिहायची आहेत, आणि माझं अक्षर आता तुझ्याशिवाय कुणाला लागत नाही.

ताई